बेबी हॉटेलात आहे

साठी उलटलेल्या बाईला 'बेबी' म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस हळूहळू सगळंच विसरत चाललं होतं. म्हणून तर बेबी निघाली. तिचं कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा झगा सैल कर, तुटलेली चेन बदल, असली कामं. हातातली कामं तिने मान मोडून संपवली, गिऱ्हाइकांचे कपडे स्वतः जाऊन पोचते केले, दारावर 'काही दिवस दुकान बंद राहील' अशी पाटी अडकवली आणि विमानात बसली.

निमित्त झालं भाचीच्या फोनचं. भाची म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि आईला सांभाळून होती. ऊठसूट रडणारी नव्हती ती. पण त्या दिवशी तिचा आवाज बसला होता.

"मावशी, काल आईने मला सिस्टर म्हणून हाक मारली. हॉस्पिटलात नर्सला मारतात तशी. मी हसण्यावारी नेलं. पण ती खरंच विचारत होती गं. सिस्टर, माझी मुलगी कधी येणार आहे?"

बेबीने हातातली कात्री खाली ठेवली.

"डॉक्टर म्हणतात, आता हे वाढतच जाणार. तुला यायचं असेल तर आत्ता ये. नंतर येऊन..." भाचीने वाक्य तिथेच सोडलं.

साथीचे दिवस होते. बाहेरच्या देशातून येणाऱ्याला थेट घरी जाऊ देत नव्हते. आधी सरकारने नेमून दिलेल्या हॉटेलात दोन आठवडे एकट्याने काढायचे, तपासणीत काही निघालं नाही तरच सुटका. बेबीला हे माहीत होतं, तिने मनाची तयारीही केली होती. पण विमानतळावरून हॉटेलाकडे निघालेली बस नेमकी ताईच्या घराच्या रस्त्याने गेली. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान दिसलं, त्यापुढची पिवळी इमारत, तिसऱ्या मजल्यावरची खिडकी. खिडकीत वाळत घातलेला टॉवेलसुद्धा दिसला. बेबी सीटवरून अर्धी उठली.

"बसून घ्या, मॅडम," ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. "मध्ये कुठे थांबता येत नाही."

"थांबू नका हो," बेबी म्हणाली. "नुसती बघतेय."

हॉटेलातली खोली ऐसपैस होती. नावं ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं, फक्त खिडकी उघडत नव्हती. पलंग एवढा रुंद की एका कडेला झोपलं तर दुसरी कड परक्याची वाटावी. जेवण कागदी पिशवीतून यायचं. दाराबाहेर एक खुर्ची मांडली होती, तिच्यावर पिशवी ठेवून, दार वाजवून माणूस पसार व्हायचा. दार उघडावं तर लांब बोळ रिकामा, टोकाला खुर्चीत बसलेला पहारेकरी, तोंडावर मास्क. तो हात वर करायचा, बेबीही हात वर करायची. दिवसभरातली माणसाशी गाठ म्हणजे एवढीच.

पहिल्याच दिवशी भाचीने मोबाइलवरून व्हिडिओ लावून दिला. पडद्यावर ताई दिसली. गाल बसले होते, गळ्यापाशी झगा ढगळ लोंबत होता. डोळे मात्र तेच, मोठे, समोरच्याचं नीट ऐकून घेणारे.

"ताई! मी आले बघ. इथेच आहे, जवळच."

ताईने फोन लांब धरला, जवळ धरला, मागे वळून मुलीकडे बघितलं. "कोण गं ह्या बाई? केस किती बारीक कापलेत."

"आई, मावशी आहे. बेबीमावशी."

"असं होय," ताई म्हणाली, आणि ओळख नसलेल्या माणसाला द्यावं तसं छानसं हसू तिने पडद्याकडे बघून दिलं.

बेबीने फोन ठेवला आणि ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मग तिचं लक्ष खिडकीच्या पडद्याच्या खालच्या पट्टीकडे गेलं. शिवण हातभर उसवली होती. तिने बॅगेतून सुईदोरा काढला आणि जमिनीवर मांडी घालून पडदा शिवायला घेतला. हाताला काम मिळालं की तिचं रडू मागे सरायचं, ही तिची जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची वेळ नसताना दार वाजलं. बेबीने उघडलं तर बाहेर लहान बाळाचा पाळणा उभा. चाकं असलेला, वर इवलीशी गादी, घडी घातलेली गुबगुबीत चादर. बेबी चक्रावून बघत राहिली. तेवढ्यात खोलीतला फोन खणाणला.

"मॅडम, पाळणा मिळाला ना?" खालच्या काउंटरवरचा माणूस बोलत होता. "माफ करा, तुमच्याबरोबर बाळ आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दूध गरम करून हवं असेल तर तेही पाठवतो. तुमच्या घरून फोन आहे, बेबीची फार चौकशी चाललीये. जोडून देतो."

आणि मग कानात ताईचा आवाज आला. तो थकलेला नव्हता, चाचरतही नव्हता. तिच्या नोकरीतला, टेलिफोन बोर्डावरचा आवाज होता तो.

"बेबी? किती वेळ गं! तुमचा हा बोर्डावरचा माणूस अगदीच कच्चा आहे. होल्ड करा म्हणाला आणि गाणं लावून दिलं. आमच्याकडे असता तर मी त्याला आठवड्यात घरी पाठवला असता."

बेबीला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "ताई, तुला कळलं मी कोण ते?"

"म्हणजे? तुझा आवाज मला कळणार नाही? डोकंबिकं फिरलं का तुझं?"

ताईने सबंध नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांच्या रांगा. कुठल्या डॉक्टरला कुठल्या खोलीत गाठायचं, कुठल्या नातेवाइकाला आधी धीर देऊन मग फोन जोडायचा, हे तिला बरोब्बर कळायचं. चेहरे तिच्या वाट्याला कधी आलेच नाहीत. तिची सगळी माणसं कानातून आत आलेली. डोळ्यांनी ओळखायचं तिचं आता हातचं सुटत चाललं होतं, पण कान शाबूत होता. घरच्या फोनशेजारी भाचीने हॉटेलचा नंबर मोठ्या आकड्यांत चिकटवून ठेवला होता, तो तिने स्वतःच फिरवला होता.

त्या दिवसापासून रोज दुपारी फोन सुरू झाला. भाची कामावर गेलेली असायची. शेजारच्या बाई ताईच्या सोबतीला यायच्या आणि जेवण झालं की खुर्चीतच डुलक्या काढायच्या. मग ताई नंबर फिरवायची. काउंटरवरच्या माणसाला तिने चारच दिवसांत सुतासारखा सरळ केला. तो पठ्ठ्या आता 'बेबी मॅडम, ताईंचा फोन' असंच म्हणायचा. पाळणा परत न्यायला मात्र कुणी आलं नाही, कारण एकदा खोलीत गेलेली वस्तू बाहेर काढायची नाही असा नियम होता. बेबीने त्यात आपले धुतलेले कपडे रचून ठेवले.

दोघी काय काय बोलायच्या! आई लवकर गेली तेव्हा ताईनेच बेबीला वाढवलं होतं. वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची ती एकच खोली, एकाच गादीवर दोघींचं झोपणं, पांघरुणासाठी ओढाताण. बेबी अंधाराला भ्यायची म्हणून ताई तिच्या केसांत बोटं अडकवून झोपायची. हे सगळं ताईला लख्ख आठवत होतं. आज सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण बेबीने शाळेत नाटकात काम केलं तेव्हा तिची मिशी कुठल्या बाजूने लोंबत होती ते आठवत होतं.

"पहिल्यांदा दुकानात फोन घेतलास तेव्हा मी काय सांगितलं होतं?"

"हसून बोल म्हणाली होतीस. हसू ऐकू जातं."

"मग आता का नाही हसत?"

"हसतेय की."

"नाही हसत. मला ऐकू येतंय."

फोन ठेवला की बेबी खोलीभर फेऱ्या मारायची. व्हिडिओवर ओळखलं नाही ते पडदा लहान म्हणून, असं ती मनाला समजावायची. एकदा समोर बसले, हात हातात घेतला, की कुठली विसरतेय! त्या भरवशावर ती फोनवरचं बोलणं राखून राखून करायची. 'आता ठेवू का? समोर आलं की बोलूच,' असं तीच आधी म्हणायची. ताईला मात्र ठेववत नसे.

सुटकेला थोडेच दिवस उरले असताना, एका दुपारी ताईचा आवाज वेगळा आला. दबका. तोंडापाशी हात धरून बोलत असावी.

"बेबी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"मला काय होतंय गं?"

बेबी उठून उभी राहिली.

"परवा गॅस लावायला गेले आणि तशीच उभी राहिले. हात वर. पुढे काय करायचं तेच कळेना. काल पोरगी दारातून आत आली आणि मी तिला घाबरले. माझीच पोरगी, बेबी. थोड्या वेळाने कळलं मला, आपलीच आहे म्हणून. पण मध्ये जो वेळ गेला ना... त्या वेळात मी कुठे होते? हे लोक मला काही सांगत नाहीत. डॉक्टरही पोरीशीच बोलतात, माझ्या डोक्यावरून. मी बोर्डावर इतकी वर्षं बसले. वाईट बातमी असलेला माणूस कसा बोलतो ते मला कळतं. सगळे तसंच बोलतात माझ्याशी. तू सांग. तू खोटं नाही बोलणार."

बेबीला सगळं माहीत होतं. भाचीने तिला आजाराचं नाव सांगितलं होतं, तो कसा चढत जातो तेही सांगितलं होतं. पण पलीकडे ताई एकटी होती. शेजारच्या बाई झोपलेल्या. असं ऐकून ती खुर्चीतून उठली, पडली, रडली, तर तिच्या पाठीवर हात ठेवायला कोण होतं? सांगायचं तर जवळ बसूनच सांगायला हवं.

"ताई, असं फोनवर नको गं," ती म्हणाली. "मी येतेच आहे ना आता. समोर बसून बोलू. सगळं सांगते तुला. काही लपवणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ताई म्हणाली. "वाट बघते मी."

सुटकेच्या आदल्या दिवशी प्लॅस्टिकचे कोट घातलेली दोन माणसं आली, बेबीच्या नाकात काडी घालून गेली, आणि संध्याकाळी निरोप आला की तपासणीत दोष निघाला आहे. बेबीला ना ताप ना खोकला. तरी मुक्काम वाढला.

आयुष्यात कुणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं तिने, पण त्या संध्याकाळी आरोग्य खात्याच्या बाईंना फोन लावून ती गयावया करायला लागली. "दारात उभी राहीन हो. आत पाऊल टाकणार नाही. लांबून बोलेन आणि परत येईन, मग हवं तितके दिवस ठेवा."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई."

"तिला विसरण्याचा आजार आहे. माझं आणि तिचं एक बोलणं राहिलंय. ती कोण आहे हे तिला कळतंय तोवर बोलायला हवं. नंतर मला पाठवून काय उपयोग?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या बाई म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर..." आणि त्यांनीही पुढचं वाक्य सोडून दिलं.

त्या वाढीव मुक्कामातच ताईला ताप भरला. लघवीच्या जंतुसंसर्गाचा. हॉस्पिटलात ठेवलं. भाचीलाही आत सोडत नव्हते, ताईजवळ फोनही नव्हता. बेबीच्या दुपारी सुन्या झाल्या. ती खिडकीशी उभी राहून खाली बघायची. मागच्या अंगाला गाड्या लावायची जागा होती, तिथे हॉटेलचा धोबी चादरींचे ढीग ढकलत न्यायचा. शिवायला आता काही उरलं नव्हतं. पडदे झाले होते, उशांच्या अभ्र्यांची बटणं झाली होती.

ताप उतरून ताई घरी आली ती निराळीच होऊन. भाची रडत रडत म्हणाली, "मावशी, एकदम चार पायऱ्या खाली उतरून गेलीये ती." दुपारी फोन आला तो ताईने केलेला नव्हता, शेजारच्या बाईंनी लावून दिला होता.

"बेबी?" आवाज बारीक झाला होता. पण ओळख होती. "सुटलीस का गं?"

"नाही अजून. दोन-तीन दिवस."

"का कोंडलंय तुला?"

बेबीने समजावून सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "का कोंडलंय तुला?" मग रोज तेवढंच. गादी, पांघरूण, मिशी, सगळं गळून गेलं आणि एकच काळजी मागे उरली. बेबी हॉटेलात आहे. बेबीला सोडत नाहीत.

शेवटी सोडलं. बेबीने टॅक्सी केली. काउंटरवरचा माणूस काचेमागून हात जोडून म्हणाला, "ताईंना नमस्कार सांगा." पिवळ्या इमारतीचे जिने ती दम लागेपर्यंत न थांबता चढली. दारात भाची होती, हाडांची काडं झालेली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. किती आठवड्यांनी बेबीला माणसाचा हात लागला होता.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, फोन मांडीजवळच्या स्टुलावर. बेबी पुढे गेली, गुडघ्यावर बसली, तिचा हात हातात घेतला. इतके दिवस मनात हजारदा घेतला होता तसाच.

"ताई. मी आले."

ताईने तिच्याकडे बघितलं. चेहरा, आखूड पांढरे केस, मास्क, पुन्हा चेहरा. बेबीने मास्क खाली ओढला. ताईने आपला हात अलगद सोडवून घेतला.

"या," ती म्हणाली. "बसा ना. खाली का बसलात? मुलगी चहा करेल."

'तुम्ही' म्हणाली होती ती. बेबीला ते अहो-जाहो थोबाडीत बसावी तसं लागलं.

"ताई, अगं मी बेबी. आवाज ऐक ना माझा. रोज बोलत होतो आपण."

"बेबी हॉटेलात आहे," ताई म्हणाली. तिच्या कपाळाला आठी पडली. "तुम्हाला कुणी चुकीचं सांगितलं. तिला कोंडून ठेवलंय तिथे. इतकीशी आहे हो ती, अंधाराला घाबरते. सोडतच नाहीत." मग ती पुढे झुकली आणि विनवणीच्या सुरात म्हणाली, "तुमची कुठे ओळख असेल तर बघा ना. माझ्या बहिणीला सोडवा."

भाचीने तोंडावर ओढणी दाबली आणि ती आत गेली. बेबी म्हणाली, "बघते. प्रयत्न करते."

चहा झाल्यावर ताईची चुळबुळ सुरू झाली. "बेबीच्या फोनची वेळ झाली," ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. बेबी उठली, चपला घातल्या, जिन्याच्या मधल्या वळणावर जाऊन पायरीवर बसली आणि तिने मोबाइलवरून घरचा नंबर लावला. वर घंटी वाजलेली तिला खालीसुद्धा ऐकू आली.

"बेबी! जेवलीस का गं?"

"जेवले," बेबी म्हणाली. आवाज ओळखीचा वाटावा म्हणून ती हसली. मग तिने श्वास घेतला. "ताई, तू मला त्या दिवशी एक विचारलं होतंस. मी सांगते म्हटलं होतं."

"काय गं?"

"तुला काय होतंय ते."

"मला?" पलीकडे गोंधळ. "मला काय धाड भरलीये? तू तिथून कधी सुटणार ते सांग."

भाजीची पिशवी घेऊन कुणी शेजारी वर चढत होते. बेबीने पाय आवरून त्यांना वाट करून दिली. "लवकरच," ती फोनमध्ये म्हणाली. "लवकरच सोडतील."

दोन-चार दिवस असेच गेले. वर ती 'अहो बाई' आणि जिन्यात 'बेबी'. भाचीला ते बघवेना. "मावशी, फोनवर तूच सांग ना तिला की सुटलीस म्हणून. मग लगेच दारात ये. कदाचित जुळेल."

बेबीलाही ते पटलं. दुपारी तिने जिन्यातून फोन लावला. "ताई, मला सोडलं! निघाले मी. आलेच बघ."

ताईला इतका आनंद झाला की तिने फोन तसाच टाकून दिला. बेबीला खाली सगळं ऐकू येत होतं. पोरी, दार उघड. माझा तो चांगला झगा दे. तिला काहीतरी गोड करा. बेबी उठली. केस सारखे केले. एकेक पायरी ती जपून चढली, जसं काही खरंच आत्ता कुठे ती येऊन पोचत होती.

ताई दारात उभी होती, भाचीच्या हाताला धरून. धुतलेला झगा, विंचरलेले केस, चेहरा उजळलेला. तिने बेबीला बघितलं, ओळखीचं हसली, आणि जरा बाजूला होऊन तिच्या खांद्यावरून खाली जिन्यात बघायला लागली.

"मागे कुणी येतंय का हो?" तिने विचारलं. "माझी बहीण येतेय. दिसली का तुम्हाला?"

पाय थरथरायला लागले तरी ताई दारातून हलेना. भाचीने खुर्ची आणून तिथेच ठेवली. दिवे लागेपर्यंत ती जिन्याकडे बघत बसली होती. मग ती लहान मुलासारखी ओठ मुडपून रडली. बेबीच तिला धरून आत घेऊन गेली. ताईने त्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकलं, कारण जवळ तीच होती.

तो प्रयोग त्यांनी पुन्हा केला नाही. बेबी फोनवर हॉटेलातच राहिली. तिथलं जेवण बरं असतं, पडदे निळे आहेत, बोळात एक पहारेकरी हात वर करतो, असं ती जिन्यात बसून सांगत राहिली. ताईला आवडायचं ते.

घरात मात्र तिने काम शोधलं. ताईचे सगळे झगे ढगळ झाले होते, पायात येत होते. बेबीने एका दुपारी टेप काढली आणि ताईला उभं केलं. दंड धरला तर बोटं एकमेकांना मिळाली. ताईने आपण होऊन दोन्ही हात बाजूला पसरले, शिंप्यापुढे उभं राहावं तसे, आणि शहाण्यासारखी उभी राहिली.

"तुमचा हात हलका आहे," ताई म्हणाली. "इथे कुणाकडे उतरलात?"

"बहिणीकडे."

"बरं केलंत. बऱ्या आहेत का त्या?"

बेबीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या काढून तळहातावर घेतल्या.

"नाही," ती म्हणाली. "तिला विसरण्याचा आजार झालाय. आधी वस्तू विसरायची, आता माणसं विसरते. तिची काही चूक नाही त्यात. वेडबीड लागलेलं नाही. डोक्यातला आजार आहे, वाढत जाणार. पण तिची मुलगी तिला टाकणार नाही. मीही नाही."

ताई सगळं नीट ऐकून घेत होती, मान किंचित कलती करून. "अरे देवा," ती म्हणाली. "त्यांना सांगितलंत का हे?"

"तिने विचारलं होतं. तेव्हा नाही सांगितलं. म्हटलं, भेटल्यावर सांगू."

"मग आता राहू द्या," ताई म्हणाली. थोड्या वेळाने तिने कमरेपाशी चाचपून बघितलं. "फार घट्ट नका करू हं. मला बसायला त्रास होतो."

बेबी महिनाभर राहिली आणि परत गेली. फोन चालू राहिला. मग कधीतरी ताई 'बेबी' म्हणायची बंद झाली, नुसतं ऐकायची. नंतर फोनही कानापासून ढकलायला लागली.

पुढच्या वर्षी निर्बंध उठले. बेबी विमानतळावरून थेट घरी गेली, वाटेत कुणी अडवलं नाही, कुणी नाकात काडी घातली नाही. ताई आता पलंगावरच असायची. भाची कामावर गेली की बेबी तिला मांडीचा टेकू देऊन भरवायची. एक चमचा, मग थोडं पाणी, मग पुन्हा एक चमचा. कधी ताई तोंड उघडायची, कधी घट्ट मिटून घ्यायची. मिटलं की बेबी वाटी खाली ठेवून थांबायची. घाई कसलीच नव्हती. ह्या खेपेला ती दुकान दुसऱ्याला देऊन आली होती आणि परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं.